काटा-सुरीची भीती कशाला?

सहावीत आलो तेव्हा मेसमधल्या पहिल्याच रात्री माझ्या काट्याखालून मटार निसटले आणि टेबलभर घरंगळले. कुणी हसलं नाही, पण ‘पोट भरलं’ असं सांगून मी उठलो आणि उपाशीच झोपलो. परवा माझ्या टेबलावरच्या एका ज्युनियरने तेच केलं. म्हणून हा लेख.

नियम मोजकेच आहेत आणि त्यांना कारणं आहेत. काटा डाव्या हातात, सुरी उजव्या हातात. मांडताना सुरीची धार प्लेटकडे असावी, म्हणजे ती शेजाऱ्याकडे रोखलेली राहत नाही. कापताना तर्जनी सुरीच्या पाठीवर ठेवावी, जोर नीट लागतो. काट्याने पदार्थ धरायचा आणि एका वेळी एकाच घासापुरता कापायचा. सुरी तोंडात घालायची नाही. मध्येच थांबलात तर काटा-सुरी प्लेटमध्ये छपरासारखी तिरपी ठेवा. जेवण संपलं की शेजारी शेजारी. वाढणाऱ्याला न विचारता कळतं. आणि मटार? ते टोचायचे नाहीत, सुरीने हळूच काट्यावर ढकलायचे.

काट्याला बिचकणारे आपण पहिले नाही. थॉमस कोरियट या इंग्रज प्रवाशाने इटलीत लोकांना काट्याने खाताना पाहिलं आणि 1611 साली आपल्या पुस्तकात त्याबद्दल लिहिलं. तो स्वतः काटा वापरू लागला, तेव्हा त्याच्याच मित्रांनी त्याची थट्टा केली. म्हणजे साहेबालाही हे शिकावंच लागलं!

आपल्या हातातल्या चमच्याचं नातं तर थेट बंदुकीशी आहे. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात हॅरी ब्रेअर्ली हे बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून नवं पोलाद शोधत होते. 1913 साली त्यांनी क्रोमियम मिसळलेलं पोलाद तयार केलं. त्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर यांचा सहजासहजी परिणाम होत नव्हता. क्रोमियममुळे पृष्ठभागावर अतिशय पातळ थर तयार होतो आणि तो गंज रोखतो. ओरखडा पडला तरी हवेतल्या ऑक्सिजनमुळे तो पुन्हा भरून येतो. माझी आजी पितळी पातेल्यांना कल्हई करून घ्यायची, नाहीतर ताक कळकायचं. कल्हई झिजते, पुन्हा करावी लागते. हा थर मात्र आपोआप होतो.

सुट्टीत घरी मी हातानेच भाकरी मोडतो. तिथेही शिस्त आहेच: उजवा हात, बोटांच्या पेरांपुरतंच अन्न, ताटात काही टाकायचं नाही. काटा-सुरी ही तशीच एक सवय. ड्रिलमध्ये पहिल्या दिवशी कुणाचं पाऊल जुळतं?

ज्युनियर मित्रांनो, जमत नसेल तर शेजारच्या सिनियरला विचारा. मटार सांडले तर सांडू द्या. उपाशी मात्र उठू नका.