विश्लेषण : चांदी वधारली म्हणून घर विकावे का?

2025 च्या सुरुवातीला किलोमागे 90 हजार रुपयांच्या आसपास असलेली चांदी वर्षअखेरीस दोन लाखांच्या पुढे गेली. हातकणंगले तालुक्यातील हुपरी हे पैंजण, वाळे आणि जोडव्यांचे गाव. दहा किलो चांदीवर काम फिरवणाऱ्याला पूर्वी नऊ लाख लागत, ते वीस लाखांवर गेले. मजुरी काही त्या वेगाने वाढत नाही. मग नजर घराकडे वळते. विकून भांडवल उभे करावे, की आणखी थांबावे?

हुपरीतले घर वेगळे कसे?

चांदीचा व्यवसाय इथे घरोघरी चालतो. एका खोलीत संसार, दुसरीत काम. त्यामुळे घर विकणे म्हणजे अनेकदा कामाची जागाही विकणे. पुढे भाड्याच्या जागेत काम हलवायचे तर भट्टी, यंत्रे, वीजजोडणी आणि चांदीच्या सुरक्षिततेचा खर्च येतो. घराची किंमत मोजताना हा खर्च क्वचितच कोणी वजा करतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. गावातले घर घेणारा बहुतेक वेळा गावातलाच, याच धंद्यातला असतो. धंदा मंदावला की विकायला निघालेली घरे वाढतात आणि घेणारे हात आखडता घेतात. म्हणजे अडचणीच्या काळात घर नक्की उपयोगी पडेल, हा हिशेब इथे पुरता लागू पडत नाही. अडचण सगळ्यांवर एकदमच येते.

घराचा खरा भाव कसा कळणार?

घरांच्या किमती वाढल्या किंवा घसरल्या, या बातम्या मोठ्या शहरांच्या असतात. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेचा ‘रेसिडेक्स’ निर्देशांक 50 शहरांपुरता आहे. हुपरीसारख्या गावात वर्षभरात एका गल्लीत दोन-तीनच खरेदीखते होतात आणि एका गरजू विक्रेत्याने भाव पाडला की तोच गल्लीचा भाव ठरतो.

रेडी रेकनर हा सरकारी किमान दर आहे, बाजारभाव नव्हे. 1 एप्रिल 2025 पासून राज्यातील नगरपरिषद-नगरपंचायत क्षेत्रात तो सरासरी 4.97 टक्क्यांनी वाढला. त्यावरून ‘घर पाच टक्क्यांनी महागले’ असे कोणी सांगितले तर कानाआड करावे. त्यापेक्षा नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-सर्च’मध्ये सूची क्रमांक 2 पाहावी. आसपासच्या मिळकती किती रकमेला नोंदल्या गेल्या, ते तिथे दिसते. नोंदलेली रक्कम आणि प्रत्यक्ष दिलेली रक्कम यांत फरक असू शकतो, हे सांगायला नको. तरीही पारावरच्या आकड्यापेक्षा हा आकडा बरा.

घर विकून चांदीत पैसा घातला तर?

चांदीचा इतिहास इथे आठवावा. जानेवारी 1980 मध्ये औंसाला 50 डॉलरच्या आसपास गेलेली चांदी मार्चअखेर 11 डॉलरच्या खाली आली होती. एप्रिल 2011 मध्ये ती पुन्हा 50 डॉलरजवळ पोहोचली आणि काही आठवड्यांत सुमारे एक-तृतीयांशाने घसरली. ज्याची रोजची कमाई चांदीवर, त्याने राहते घरही चांदीत बदलले, तर घसरणीत कमाई आणि बचत दोन्ही सापडतात. रिकामे, कुलूपबंद असलेले दुसरे घर विकणे वेगळे. राहत्या, कामाच्या घराबाबत मात्र हा सौदा धोक्याचाच म्हणावा लागेल.

शिवाय कराची सवलत चांदीला मिळत नाही. राहते घर विकून झालेला दीर्घकालीन नफा दुसऱ्या घरात गुंतवला तर कर वाचतो. त्यासाठी विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांत नंतर खरेदी, अथवा तीन वर्षांत बांधकाम अशी मुदत आहे. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत रक्कम वापरली गेली नाही, तर ती बँकेच्या भांडवली नफा खात्यात ठेवावी लागते.

कर किती बसेल?

दोन वर्षांहून अधिक काळ मालकीचे घर असेल, तर 12.5 टक्के. मात्र 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला महागाईचा निर्देशांक लावून 20 टक्क्यांच्या जुन्या पद्धतीने हिशेब करण्याची मुभा आहे. समजा, 2005-06 मध्ये चार लाखांना घेतलेले घर 2025-26 मध्ये 30 लाखांना विकले. नव्या पद्धतीने कर 3.25 लाख, जुन्या पद्धतीने सुमारे 3.43 लाख. तेच घर 20 लाखांनाच गेले, तर नव्या पद्धतीने दोन लाख आणि जुन्या पद्धतीने सुमारे 1.43 लाख (उपकर वेगळा). किंमत फारशी वाढलेली नसेल, तर जुनी पद्धत फायद्याची.

घर 2001 पूर्वीचे, वडिलोपार्जित असेल तर 1 एप्रिल 2001 चे बाजारमूल्य मूळ किंमत म्हणून धरता येते, मुद्रांक मूल्याच्या मर्यादेत. कामाच्या खोलीवर धंद्याच्या हिशेबात घसारा दाखवला असल्यास त्या भागाचा नफा वेगळ्या नियमाने मोजला जातो. हे सौद्याआधीच सनदी लेखापालाला विचारावे.

न विकता मार्ग आहे का?

घर तारण ठेवून कर्ज हा एक मार्ग. रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये रेपो दर 6.50 वरून 5.25 टक्क्यांवर आणला, त्यामुळे बदलत्या दराच्या कर्जांना थोडा दिलासा आहे. पण हप्ता मजुरीतून निघाला पाहिजे. चांदी चढेल या भरवशावर घेतलेले तारण कर्ज म्हणजे घर विकण्याचाच लांबचा रस्ता.

दुसरे घर असेल तर भाडे. कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत जवळ असल्याने भाडेकरू मिळू शकतो. मात्र 30 लाखांच्या घराला महिना सात हजार मिळत असतील, तर वर्षाचा परतावा 2.8 टक्केच. बँकेची मुदत ठेव त्याहून अधिक देते. असे घर केवळ ‘भाव वाढेल’ म्हणून अडवून ठेवण्यात अर्थ कमी.

विकायचेच ठरले तर?

आधी कागद. हुपरी नगरपरिषदेची पहिली निवडणूक डिसेंबर 2017 मधली. त्याआधी कारभार ग्रामपंचायतीकडे होता. त्यामुळे जुना ग्रामपंचायतीचा उतारा, आताची घरपट्टी आणि मिळकत पत्रिका किंवा सातबारा यांवरील नावे व क्षेत्रफळ जुळते का, हे पाहावे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. 2005 च्या दुरुस्तीचा तो अर्थ सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी पक्का केला. बहिणींची संमती ‘आपल्यातच आहे’ म्हणून गृहीत धरू नये. त्या खरेदीखतावर सह्या करणार की नोंदणीकृत हक्कसोडपत्र देणार, हे इसार घेण्याआधी ठरावे.

आणि इसार रोखीत घेताना जपून. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेतल्यास तेवढाच दंड होऊ शकतो, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला.