विरळ रानातील हिमवाटा : स्टार्क पर्वतावरील स्कीइंगचा एक अभ्यास

दोन लांब, अरुंद फळ्या पायांस बांधून हिमाच्छादित उतारावरून घसरत येणे या क्रीडेस स्कीइंग म्हणतात, हे वाचकांस ठाऊक असेलच. चित्रांतून आणि चित्रपटांतून या क्रीडेचे जे दर्शन घडते ते बहुधा रुंद व मोकळ्या, यंत्रांनी दाबून गुळगुळीत केलेल्या आणि माणसांनी फुललेल्या उतारांचे असते. परंतु या क्रीडेचा दुसराही एक प्रकार आहे. त्यात स्कीपटू उभ्या झाडांमधून वाट काढीत उतरतो. तेथील हिम कोणी दाबलेले नसते आणि सोबतीस फारसे कोणी नसते. ज्या रानातील खालची झुडपे व आडव्या फांद्या छाटून झाडांमध्ये असे अंतर राखलेले असते त्यास तिकडे ‘ग्लेड’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यास ‘विरळ रान’ असे म्हटले आहे. तसेच भुसभुशीत पडते ते ‘हिम’ आणि गोठून कठीण होतो तो ‘बर्फ’, हा भेदही येथे कटाक्षाने पाळला आहे; कारण या विषयात जवळजवळ सर्व काही त्या भेदावर अवलंबून आहे.

निर्जन व अवघड पर्वत हे निसर्गाचे दान आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. उताराची तीव्रता निसर्गदत्त असते हे खरे. परंतु निवांतपणाच्या बाबतीत ही समजूत टिकत नाही. अमेरिकेच्या व्हर्माँट राज्यातील स्टार्क पर्वतावर ‘मॅड रिव्हर ग्लेन’ नावाचे स्कीकेंद्र आहे. तेथील निवांतपणा हा एका यंत्राच्या क्षमतेचा आणि त्या यंत्राविषयी माणसांनी घेतलेल्या निर्णयाचा परिणाम आहे, असे दाखविता येते.

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात १७७७ साली बेनिंग्टनची लढाई जिंकणाऱ्या जनरल जॉन स्टार्क यांचे नाव या पर्वतास दिलेले आहे. ग्रीन माउंटन्स या दक्षिणोत्तर पसरलेल्या रांगेत तो उभा आहे. शिखराची उंची ३,६३७ फूट असून स्कीकेंद्राचा पायथा त्याखाली सुमारे २,००० फुटांवर आहे. आल्प्स किंवा रॉकी पर्वतांच्या मानाने ही उंची किरकोळच. आपले कळसूबाईदेखील याहून उंच आहे. मात्र सह्याद्री जसा नैर्ऋत्य वाऱ्यांना अडवून त्यांच्याकडून पाऊस वसूल करतो, तशी ही रांग वायव्येकडून येणाऱ्या थंड वाऱ्यांना वर चढावयास लावते आणि हिम पाडून घेते. अटलांटिक किनाऱ्याने वर सरकणारी वादळे याखेरीज. तथापि हिवाळ्याच्या मध्यावरच एखादा उबदार दिवस उगवावा, पाऊस पडावा आणि दुसऱ्या दिवशी सर्व उतार गोठून बर्फाचा पत्रा व्हावा, हाही या प्रदेशाचा स्थायीभाव आहे.

पर्वत चढण्याचे कष्ट यंत्राने वाचविण्याचा इतिहास फार जुना नाही. १९३४ साली व्हर्माँटमधीलच वुडस्टॉक येथे एका कुरणात मोटारीच्या इंजिनावर फिरणारा दोर लावण्यात आला. त्यास धरून स्कीपटू वर ओढले जात. अमेरिकेतील या प्रकारची ही पहिली सोय होय. १९३६ साली आयडाहो राज्यातील सन व्हॅली येथे खुर्च्यांचा रज्जुमार्ग सुरू झाला. त्याची कल्पना जहाजावर केळ्यांचे घड चढविण्याच्या यंत्रावरून सुचली होती! व्हर्माँटमधील स्टो येथे असा मार्ग १९४० साली आला. त्याच्या उभारणीत रोलंड पामेडो या स्कीप्रेमी गृहस्थांचा पुढाकार होता. परंतु स्टोचे रूप पुढे हॉटेले, करमणुकी आणि गर्दी यांच्याकडे झुकू लागले, तेव्हा त्यांनी दुसरा पर्वत शोधला. तोच स्टार्क. तेथील एकासनी रज्जुमार्ग १९४८-४९ च्या हिवाळ्यात सुरू झाला. एका खुर्चीत एकच माणूस बसतो, म्हणून एकासनी.

या एकासनी मार्गाचे गणित पाहण्याजोगे आहे. तो तासाला सुमारे ५०० माणसे शिखरावर पोचवितो. आजची वेगवान चतुरासनी यंत्रे तासाला सुमारे २,४०० माणसे नेतात. समजा, एका स्कीपटूला उतरावयास २० मिनिटे लागतात. तर कोणत्याही क्षणी उतारावर असलेल्या माणसांची संख्या म्हणजे दर तासाला येणारी माणसे गुणिले उतरावयास लागणाऱ्या तासांचा भाग. पहिल्या यंत्राने ही संख्या १६७ च्या आसपास येते, दुसऱ्याने ८००. पर्वत तोच, झाडे तीच, हिमही तेच. केवळ यंत्र बदलताच उतारावरील गर्दी जवळजवळ पाचपट होते. पायथ्याशी किती मोटारी उभ्या आहेत याचा या संख्येशी संबंध नाही, ही यातील मर्माची गोष्ट आहे. भरपूर हिम पडलेल्या एखाद्या रविवारी स्टार्कवरही माणसे थोडी येत नाहीत. फरक इतकाच, की दर्शनबारी खाली लागते आणि गाभारा मोकळा राहतो. ताटकळण्याचा त्रास कोठे सोसावयाचा, एवढाच निवडीचा प्रश्न असतो. बहुतेक स्कीकेंद्रांनी तो उतारावर सोसावयाचे ठरविले, स्टार्कने पायथ्याशी. प्रस्तुत लेखकास दुसरी निवड अधिक शहाणपणाची वाटते. कारण रांगेत उभे राहिल्याने हिमाचे काही बिघडत नाही.

उतारावरील गर्दीने मात्र ते बिघडते. प्रत्येक वळणागणिक स्कीची कड थोडे हिम खरवडते आणि बाजूस लोटते. अनेकांची वळणे त्याच त्या जागी पडली की खड्डे व उंचवटे तयार होतात. या उंचवट्यांस ‘मोगल’ असे नाव आहे. दिल्लीच्या तख्ताशी त्याचा काही संबंध नसून ढिगाऱ्यास वापरल्या जाणाऱ्या ऑस्ट्रिया-बव्हेरियाकडील एका बोलीशब्दापासून ते आले असावे असे मानतात. हे उंचवटे हंगामात हळूहळू पर्वतावर चढत जातात, ही गंमत कोलोरॅडोतील निरीक्षणांच्या आधारे २००९ साली प्रसिद्ध झाली. स्कीपटू उंचवट्याच्या खालच्या अंगावरून हिम खरवडतो आणि ते पुढील उंचवट्याच्या वरच्या अंगास साचते. हिमाचा प्रत्येक कण खालीच जातो. आकार मात्र दिवसाला काही सेंटीमीटर वर सरकतो. गर्दी फार झाली की हिम उरतच नाही आणि खालचा बर्फ उघडा पडतो. मोठी केंद्रे यावर दोन उपाय योजतात : रात्री यंत्रांनी उतार दाबून सपाट करणे आणि तोफांनी कृत्रिम हिम फवारणे. स्टार्कवर हे दोन्ही उपाय अल्प प्रमाणातच आहेत. म्हणजे तेथील विरळ गर्दी हा नुसता आवडीनिवडीचा विषय नव्हे. नैसर्गिक हिमावर भागविणाऱ्या पर्वताची ती गरजच आहे.

स्टार्कवरील वाटांच्या काठिण्याचा उलगडाही येथेच होतो. त्या बहुतांशी अरुंद आहेत आणि डोंगराच्या घडणीप्रमाणे वळत जातात. सुरुंग लावून त्या सरळ केलेल्या नाहीत. अरुंद वाटेवर दोन्ही बाजूंच्या झाडांची सावली पडते, वाऱ्यास वाव मिळत नाही आणि पडलेले हिम टिकते. उलट त्याच वाटेवर वळावयास जागा थोडी. कित्येक ठिकाणी वाट एकीकडे नेते आणि उतार दुसरीकडे ओढतो, त्यामुळे शरीराचा तोल सतत सावरावा लागतो. ‘पॅराडाइज’ नावाच्या सुप्रसिद्ध वाटेवर तर खडकाची पायरी गोठलेल्या धबधब्यासह मध्येच उभी ठाकते. तिला नंदनवनाचे नाव देणारा विनोदी असला पाहिजे. अमेरिकेत वाटांचे काठिण्य हिरवे वर्तुळ, निळा चौरस आणि काळी चौकट या खुणांनी दर्शवितात. ही पद्धत १९६८ पासून रूढ झाली. परंतु या खुणा त्या त्या पर्वतापुरत्या सापेक्ष असतात. एका पर्वतावरील काळी चौकट दुसऱ्यावरील निळ्या चौरसाइतकीच असू शकते, हे न जाणणारा नवखा स्टार्कवर फसतो. ‘जमत असेल तर उतरा’ अशा अर्थाचे या केंद्राचे ब्रीद आहे, आणि ते जाहिरात समजण्यापेक्षा सूचना समजणे बरे.

आता विरळ रानाकडे वळू. झाडांमध्ये हिम चांगले का राहते? पहिले कारण वारा. मोकळ्या वाटेवर वारा हिम उडवितो आणि उरलेले घट्ट बडवून काढतो. रानात शिरताच त्याचा वेग पडतो व उडालेले हिम तेथे विसावते. दुसरे कारण सावली. तिसरे, माणसांची कमी वर्दळ. मात्र प्रत्येक रान सारखे नसते. स्प्रूस व बाल्सम फर यांसारखे सूचिपर्णी वृक्ष बरेच हिम फांद्यांवरच झेलतात, आणि त्यातील काही जमिनीस न पोचताच हवेत विरून जाते. शुगर मेपल, यलो बर्च, बीच हे पानझडी वृक्ष हिवाळ्यात निष्पर्ण असल्याने हिमास खाली येऊ देतात. म्हणून उताराच्या मधल्या टप्प्यातील जुने मेपल-बर्चचे रान स्कीपटूंस विशेष प्रिय असते. तेथे झाडांमध्ये मूळचेच अंतर असते. शिखराजवळ फरची दाटी होते आणि तेथे एक निराळाच धोका संभवतो. लहान फरच्या फांद्यांखाली हवेची पोकळी राहते व वरून हिमाची साय धरते. त्यावर पाय पडला की माणूस कमरेपर्यंत किंवा त्याहूनही खोल आत जातो. यासाठी रानात एकट्याने उतरू नये असा दंडक आहे. काठीचा पट्टा मनगटात अडकवू नये, असाही आहे. फांदीत काठी गुंतली तर खांदा निखळावयाचा. जाणते शिक्षक आणखी एक गोष्ट सांगतात : नजर झाडावर ठेवू नये, दोन झाडांमधील मोकळ्या जागेवर ठेवावी; कारण शरीर नजरेमागे जाते.

रानात केव्हा उतरावे याचाही एक लोकमान्य आडाखा आहे. व्हर्माँटमधील सर्वोच्च अशा मॅन्सफील्ड पर्वताच्या माथ्याजवळ हिमाची खोली मोजण्याचा एक खांब असून १९५४ पासूनच्या त्याच्या नोंदी उपलब्ध आहेत. त्यावर ४० इंच भरले, की आसपासच्या पर्वतांवरील रानांत शिरण्यास हरकत नाही असे स्कीपटू मानतात. खोडांचे बुंधे, पडलेले ओंडके, दगड आणि झुडपे बुजावयास साधारण तेवढे हिम लागते, हा त्यामागील अनुभव. हा आकडा केव्हा गाठला जातो याकडे तेथील लोक जितक्या उत्कंठेने पाहतात, तितक्या उत्कंठेने आपल्याकडे धरणाच्या पाणीपातळीकडेच पाहिले जाते. व्हर्माँटमध्ये हिवाळे उन्हाळ्यांहून अधिक वेगाने उबदार होत आहेत, त्यामुळे या उत्कंठेत आता काळजीही मिसळली आहे. कृत्रिम हिमाची तोफ मोकळ्या उतारास तारू शकेल. रानात तिचा उपयोग नाही.

स्टार्कवरील व्यवस्था टिकली कशी? १९९५ साली तत्कालीन मालक बेट्सी प्रॅट यांच्याकडून हे केंद्र स्कीपटूंच्या सहकारी संस्थेने विकत घेतले. आरंभी एका भागाची किंमत १,५०० डॉलर होती. आज सभासद दोन हजारांच्या आसपास आहेत. सहकाराची तत्त्वे महाराष्ट्रातील वाचकांस नव्याने सांगावयास नकोत. परंतु येथील विशेष असा, की उतारावरील माणसांची संख्या कमी राखणे आणि नैसर्गिक भूरूप व वन जपणे हे या संस्थेच्या उद्दिष्टांतच नमूद आहे. उत्पन्न वाढविण्याचा सर्वांत सोपा मार्ग सभासदांनी स्वतःच बंद करून ठेवला. त्याची कसोटी लागली ती जुना रज्जुमार्ग झिजल्यावर. तेथे द्विआसनी यंत्र बसविण्याचा पर्याय समोर होता. सभासदांनी एकासनी मार्गाचीच निवड केली. २००७ साली मनोरे काढून, दुरुस्त करून पुन्हा उभारण्यात आले आणि खुर्च्या पुन्हा एकेकट्याच राहिल्या. २०१२ साली हे केंद्र अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत समाविष्ट झाले. याच संस्थेने स्नोबोर्ड या एकफळी साधनास मात्र मज्जाव केलेला आहे. ती बंदी घालणारी अमेरिकेत अवघी तीन केंद्रे आहेत. गर्दी रोखण्याचे समर्थन जितके सहज करता येते, तितके या बंदीचे करता येत नाही.

गर्दीचा प्रश्न यंत्राने सोडविला तरी रानाचा प्रश्न उरतो, आणि तो अधिक नाजूक आहे. स्कीपटूस हवे असते ते मोठी झाडे असलेले, खाली झुडूप नसलेले रान. पण खालचे झुडूप म्हणजेच उद्याचे रान होय. दर वर्षी रोपे छाटीत गेल्यास वरचे वृक्ष म्हातारे होत जातात आणि त्यांची जागा घेणारे कोणी उरत नाही. एकेक झाड वाऱ्याने पडते, छतास भगदाडे पडतात, ऊन व वारा आत शिरतात; ज्या हिमासाठी रान विरळ केले तेच हिम नाहीसे होते, आणि अखेर विरळ रानाची एक सामान्य मोकळी वाट होऊन बसते. ही क्रिया काही दशके चालते, म्हणून छाटणाऱ्याच्या लक्षात येत नाही. उतावळेपणाचे टोक २००७ साली दिसले. राज्याच्या उत्तर भागातील बिग जे पर्वतावरील सरकारी वनात दोघा इसमांनी परवानगीवाचून शेकडो झाडे तोडून शिखराकडून खाली एक पट्टा काढला. त्यांच्यावर खटला झाला. त्या उंचीवर मातीचा थर पातळ आणि वाढीचा काळ अल्प असतो. तेथे पडलेली जखम लवकर भरत नाही.

त्याच उंचीवरच्या बुटक्या फरमध्ये बिकनेल्स थ्रश हा छोटा गाणारा पक्षी घरटे बांधतो. याची वीण ईशान्य अमेरिका व लगतचा कॅनडा येथील पर्वतमाथ्यांपुरतीच मर्यादित असून तो हिवाळा कॅरिबियन बेटांवर, मुख्यतः हिस्पॅनिओलावर, काढतो. १९९५ साली त्यास स्वतंत्र जातीचा दर्जा मिळाला. स्कीपटू आणि हा पक्षी यांची गाठ कधीच पडत नाही, कारण एकाचा हंगाम संपल्यावर दुसऱ्याचा सुरू होतो. छाटणी मात्र उन्हाळ्यात होते. म्हणून जाणकार वनाधिकारी दोन नियम सुचवितात. पहिला, जुलै अखेर पिले उडून जाईपर्यंत वरच्या पट्ट्यात कोयता लावू नये. दुसरा, रान सरसकट मोकळे न करता मधूनमधून दाट झुडपांची बेटे राखावीत, आणि काही वर्षांनी वाट सरकवून जुन्या वाटेवर रोपांना उठू द्यावे. अशा बेटाला वळसा घालताना उतरण्याची लय थोडी मोडते आणि स्कीपटू कुरकुरतो. त्या बेटातील मेपलचे रोप छताशी पोचावयास त्याच्या हयातीहून अधिक काळ लागावयाचा असतो.