पत्र्यातून आलेले ग्रहण

१९८० सालच्या १६ फेब्रुवारीला, शनिवारी दुपारी, हिमायतनगरच्या रस्त्यावर कुत्रेही दिसत नव्हते. महाशिवरात्र नुकतीच झालेली. एरवी परमेश्वर मंदिराच्या यात्रेची वर्दळ या दिवसांत गावभर असते, पण त्या दुपारी पानाच्या टपऱ्यासुद्धा बंद होत्या. सूर्यग्रहण होते. आमच्या घरात खिडक्यांना घोंगड्या लावल्या होत्या, पाण्याच्या हंड्यावर तुळशीपत्र ठेवले होते आणि आजीने परातीत पाणी घालून त्यात मुसळ उभे केले होते. ग्रहण लागले की मुसळ उभे राहते, सुटले की पडते, असे ती सांगे. (बूड सपाट असलेले मुसळ कुठल्याही वारी उभे राहते, हे मी पुढे करून पाहिले. आजीला सांगायचे धाडस मात्र झाले नाही.)

मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. मधल्या खोलीत मला आणि काकूला बसवले होते. काकूला सातवा महिना होता. तिने काही कापायचे नाही, शिवायचे नाही, पाणी प्यायचे नाही, शक्यतो हलायचेही नाही. माझ्या हातात भा. रा. भागवतांचे ‘चंद्रावर स्वारी’ होते. ज्यूल व्हर्नची कादंबरी मराठीत आणून भागवतांनी आमच्या पिढीला चंद्रावर नेले. पण ज्या दुपारी तो चंद्र खरोखर सूर्यासमोर येऊन उभा राहिला, त्या दुपारी मी दार लावून त्याच्याविषयी वाचत बसलो होतो. यातला विनोद कळायला मला बरीच वर्षे लागली.

अलीकडे मी विज्ञानकथेची जुनी पुस्तके पुन्हा काढून वाचली. ठरवून ग्रहणाच्या गोष्टी शोधल्या नव्हत्या, पण त्या ओळीने भेटत गेल्या. लहानपणी वाचलेले पुस्तक मोठेपणी वाचताना पुस्तक तेच असते, आपली बसायची जागा बदललेली असते. ग्रहणाच्या गोष्टींच्या बाबतीत हे फारच जाणवले.

मार्क ट्वेनची १८८९ सालची कादंबरी घ्या. एक अमेरिकन कारागीर डोक्यावर तडाखा बसून थेट सहाव्या शतकात, राजा आर्थरच्या दरबारात जाऊन पडतो. त्याला जिवंत जाळायचे ठरते. त्याला ठाऊक असते की त्या दिवशी सूर्यग्रहण आहे. तो ऐटीत सांगतो, मी सूर्य विझवीन. सूर्य काळवंडू लागतो, दरबार हादरतो आणि आमचा नायक प्रधान होऊन बसतो. ही युक्ती ट्वेनला इतिहासातून मिळाली असावी. १५०४ साली २९ फेब्रुवारीला कोलंबसाने जमैका बेटावरच्या लोकांना चंद्रग्रहणाची भीती घालून धान्य मिळवले होते. छापील पंचांग त्याच्या गलबतावर होते.

लहानपणी मी अर्थातच त्या कारागिराच्या बाजूने होतो. या वेळी वाचताना मात्र लक्ष दरबारातल्या घाबरलेल्या माणसांकडे गेले. ही तर आमच्या गल्लीतली माणसे. मग वाटले, नाही, हिशेब इथे जरा चुकतो. आमच्या गल्लीला ग्रहण कुणा परक्याने येऊन सांगितलेले नव्हते. पंचांगात स्पर्श, मध्य आणि मोक्ष मिनिटांसह छापलेले होते. चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची छाया चंद्राला, हे आर्यभटाने पाचव्या शतकाच्या शेवटी लिहून ठेवले आहे. गणित आमच्या घरात होते. दार तरीही बंद होते.

याची दुसरी बाजूही मजेची आहे. रायडर हॅगार्डच्या ‘किंग सॉलोमन्स माइन्स’ या १८८५ सालच्या साहसकथेतही हीच युक्ती येते. ही काही विज्ञानकथा नव्हे, पण उल्लेख करायलाच हवा. पहिल्या आवृत्तीत नायक सूर्यग्रहण घडवून आणतात आणि आदल्याच रात्री आकाशात पूर्ण चंद्र दाखवलेला आहे! पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या अगदी समोरच्या बाजूला असतो. तो सूर्याच्या आड यायचा तर अमावास्या लागते, म्हणजे पंधरा दिवस थांबायला हवे. चूक लक्षात आल्यावर पुढच्या आवृत्त्यांत हॅगार्डने ते चंद्रग्रहण करून टाकले. आमच्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण ही चूक तिने ऐकता क्षणी पकडली असती. सूर्याचे ग्रहण अवसेला आणि चंद्राचे पुनवेला, हे तिला न शिकता येत होते.

आता त्या दुपारकडे परत येतो. खोलीत अंधार होता, पण पुरता नव्हता. छपराला पत्रे होते आणि पत्र्यांना जुन्या खिळ्यांची भोके. दुपारी त्या भोकांतून पूर्वेच्या भिंतीवर उजेडाचे गोल कवडसे पडत. ते रोजचेच, त्यामुळे त्यांच्याकडे कुणी पाहत नसे. साडेतीनच्या पुढे केव्हा तरी काकू हळूच म्हणाली, “अरे, भिंतीकडं बघ.” भिंतीवर एकही गोल उरला नव्हता. लहान-लहान चंद्रकोरी होत्या, वीस-पंचवीस, सगळ्या एकाच दिशेला तोंड केलेल्या. पावणेचारच्या सुमारास त्या नखाच्या कडेएवढ्या बारीक झाल्या. मग पुन्हा भरू लागल्या. आम्ही दोघांनी ते कुणालाच सांगितले नाही. ग्रहण पाहायचे नसते आणि आम्ही पाहिले होते.

हे कसे होते, ते सांगतो. भोक पुरेसे लहान असले की ते कुठल्या आकाराचे आहे याला महत्त्व राहत नाही. त्यातून येणारा प्रत्येक किरण सरळ जातो आणि भिंतीवर सूर्याचे चित्र उमटवतो, उलटे. दहा फुटांवर हे चित्र साधारण इंचभर होते. आपण रोज ज्याला उन्हाचा कवडसा म्हणतो, ते सूर्याचे चित्रच असते. सूर्य गोल म्हणून कवडसा गोल. कडुनिंबाच्या दाट पानांखाली किंवा स्वयंपाकघरातल्या चाळणीखालीही हेच दिसते. या रीतीने पाहताना सूर्याकडे पाठ असते, त्यामुळे डोळ्यांना काही धोका नाही. धोका थेट पाहण्यात आहे. काजळी धरलेली काच किंवा एक्स-रेची फिल्म यांनी प्रकाश मंद होतो, पण न दिसणारी अवरक्त किरणे आत येऊ शकतात आणि डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही. भाजलेले नंतर समजते. त्यासाठी खास बनवलेला, प्रमाणित सौर चष्माच हवा.

तरीही त्या दिवशी हिमायतनगरात रात्र झाली नाही. नव्वद टक्क्यांहून अधिक सूर्य झाकला गेला होता, मग अंधार का नाही? कारण सूर्य पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा सुमारे चार लाख पटींनी तेजस्वी आहे. त्याचा विसावा हिस्सा उरला तरी तो वीस हजार पौर्णिमांएवढा होतो. पंच्याण्णव टक्के ग्रहण म्हणजे जवळजवळ खग्रास, असे म्हणणे म्हणूनच चूक आहे. चंद्राची गडद छाया त्या दिवशी कारवार किनाऱ्याकडून शिरून रायचूरवरून हैदराबादच्या दक्षिणेला गेली. तिथे उस्मानिया विद्यापीठाची जपाल-रंगापूरची वेधशाळा छायेत सापडली. आमच्यापासून ती जागा अडीचशे किलोमीटरच्या आसपास. मुदखेडला गाडी बदलली की सिकंदराबाद. एका रात्रीचा प्रवास. त्या पट्ट्यात दिवसा तारे दिसले आणि काळ्या चंद्राभोवती सूर्याचा किरीट, म्हणजे त्याचे लाखो अंशांनी तापलेले बाहेरचे वातावरण, उमलले. एकाच ठिकाणी बसून राहिले तर खग्रास ग्रहण सरासरीने पावणेचारशे वर्षांतून एकदा येते. आम्ही त्या छायेच्या उंबऱ्यापर्यंत आलो आणि आत गेलो नाही.

म्हणूनच व्हर्नची १८७३ सालची ‘फर कंट्री’ मला जिव्हारी लागली. ती लहानपणी मिळाली नव्हती, उतारवयात इंग्रजीतून वाचली. थॉमस ब्लॅक नावाचा ग्रिनिचचा खगोलतज्ज्ञ १८ जुलै १८६० चे खग्रास ग्रहण पाहायला उत्तर अमेरिकेच्या अगदी टोकाला जातो. हिवाळाभर गारठत बसतो. दिवस उजाडतो, आकाश निघते, ग्रहण लागते आणि खग्रास होत नाही! सूर्याची एक कड उघडीच राहते. गणित चुकले की काय? गणित बरोबर होते. ज्या भूमीवर सगळे उभे होते, ती मुळात बर्फाचे बेट होती आणि तुटून समुद्रावर तरंगत निघाली होती. जागा सरकली, म्हणून ग्रहण सरकले. पायाखालची जमीन हलली आहे, ही बातमी त्यांना आकाशाने दिली. व्हर्नची सर्वांत चांगली कल्पना कोणती असे मला विचाराल तर मी पाणबुडी सांगणार नाही, ही सांगेन.

आणि १८ जुलै १८६० चे ग्रहण खरेच झाले होते. त्या दिवशी स्पेनमध्ये वॉरेन द ला र्यू आणि अँजेलो सेक्की यांनी वेगवेगळ्या ठिकाणांहून छायाचित्रे घेतली. ती ताडून पाहिल्यावर कळले की कडेला दिसणाऱ्या तांबड्या ज्वाला चंद्राच्या नसून सूर्याच्याच आहेत. ब्लॅकसाहेबांचे काय हुकले, ते यावरून समजावे. आपल्याकडे १८६८ च्या ग्रहणात गुंटूरला आलेल्या जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने अशाच ज्वालांचा वर्णपट तपासला. त्या वर्षीच्या वेधांतून पुढे हेलियमचा शोध लागला. २२ जानेवारी १८९८ ची छाया तर विजयदुर्गाहून शिरून महाराष्ट्र तिरका ओलांडून गेली. तेव्हा पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला दुर्बिणी घेऊन करमाळ्याजवळच्या जेऊरला जाऊन बसले होते. रेल्वेने जाऊन छाया गाठणारी माणसे आपल्याकडेही होती.

एच. जी. वेल्सच्या ‘टाइम मशीन’चा शेवट मी शाळेत संक्षिप्त आवृत्तीत वाचला होता. त्यात ग्रहण गाळलेले होते. मूळ पुस्तकात प्रवासी तीन कोटी वर्षे पुढे जातो. तांबडा, विझत चाललेला सूर्य क्षितिजाशी खिळलेला आहे, समुद्र निश्चल आहे. त्या सूर्यावर एक काळी कड चढू लागते, गारठा वाढतो, बर्फ भुरभुरते आणि सगळे आवाज थांबतात. हे पान मी २००९ नंतर वाचले, हे बरे झाले. त्या वर्षी २२ जुलैला मी सुरतला गेलो होतो. आभाळ गच्च भरलेले. सूर्य दिसलाच नाही, तेव्हा माझाही थॉमस ब्लॅक झाला म्हणा. पण सकाळी सहा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास ढगांखालीच काळोख पडला. रात्र हळूहळू होते. हा काळोख कुणी दार लोटावे तसा आला. कावळे गप्प झाले. शेजारी उभे असलेले कॉलेजातले पोर, तासभर बडबड करणारे, तेही गप्प. कारण ठाऊक असूनही माझ्या अंगावर काटा आला. आजीच्या घोंगडीचा अर्थ मला त्या तीन मिनिटांत थोडा कळला.

आयझॅक असिमोव्हची ‘नाइटफॉल’ (१९४१) नेमकी इथे बोट ठेवते. सहा सूर्यांच्या ग्रहावर दोन हजार एकोणपन्नास वर्षांतून एकदाच अंधार होतो. शास्त्रज्ञांनी वेळ बिनचूक काढली आहे, मशाली तयार ठेवल्या आहेत. तरीही अंधार पडताच ते स्वतःच कोलमडतात, कारण त्यांनी अंधार फक्त मोजलेला होता, पाहिलेला नव्हता. तरुणपणी मला ही कथा मूर्ख जनतेची वाटली होती. आता ती शास्त्रज्ञांची वाटते.

२०२५ साली आपल्याला सोडून गेलेल्या जयंत नारळीकरांची ‘धूमकेतू’ यापेक्षा घरगुती आहे. आदळू पाहणारा धूमकेतू विज्ञान वळवते आणि संशोधकाच्या घरी त्याची बायको शांतीसाठी यज्ञ मांडून बसलेली असते. नारळीकर तिला खलनायिका करत नाहीत. मला ते पटते. पण सातव्या महिन्यातल्या बाईला फेब्रुवारीच्या उन्हात पत्र्याखाली चार-पाच तास पाण्यावाचून बसवणे, यात मात्र समजून घेण्यासारखे काही नाही. ग्रहणात सूर्याकडून वेगळे असे काहीच येत नाही, उलट येणारा प्रकाश कमी होतो. बाधली असती तर तहान बाधली असती.

२५ ऑक्टोबर २०२२ रोजी दिवाळीतच खंडग्रास ग्रहण आले. लक्ष्मीपूजन आदल्या दिवशी, पाडवा आणि भाऊबीज दुसऱ्या दिवशी, मधला दिवस भाकड. पाच वाजायच्या सुमारास मी सौर चष्मे घेऊन गच्चीवर गेलो. गल्लीतली पोरे आधीच जमली होती. काकू आता सत्तरीच्या पुढे. गुडघे धरत तीही जिना चढून आली. मी काही विचारले नाही. तिने चष्मा लावला, मावळतीकडे पाहिले. सूर्याचा एक लहानसा लचका गेलेला दिसत होता. बराच वेळ पाहून तिने चष्मा काढला, शेजारच्या पोरीला दिला आणि मला म्हणाली, “त्या टायमाला भिंतीवरची कोर यापेक्षा बारीक होती, न्हाई का?”