धर्मादाय लिलाव भोजनसमारंभ

धर्मादाय लिलाव भोजनसमारंभ हा सामाजिक कार्यासाठी निधी उभारण्याचा एक प्रकार आहे. यात पाहुणे शुल्क भरून भोजनास येतात आणि देणगीदाखल मिळालेल्या वस्तू, सहली किंवा सेवा यांवर बोली लावतात. जमणारी रक्कम आयोजक संस्थेस मिळते. हा प्रकार अमेरिकेत विशेष रुजलेला असून भूकनिवारणाचे काम करणाऱ्या संस्थाही त्याचा वापर करतात.

भूकनिवारण आणि मेजवानी

इथिओपियातील दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर बिल शोर आणि त्यांची बहीण डेबी शोर यांनी १९८४ मध्ये वॉशिंग्टन येथे 'शेअर अवर स्ट्रेंग्थ' ही संस्था स्थापन केली. १९८८ मध्ये या संस्थेने 'टेस्ट ऑफ द नेशन' हे कार्यक्रम सुरू केले. शहरोशहरीचे नामवंत आचारी त्यांत आपले पदार्थ आणि श्रम विनामूल्य देत. अशा समारंभाचे यश बऱ्याच अंशी याच गोष्टीवर ठरते. सभागृह, जेवण आणि करमणूक यांचा खर्च संस्थेलाच सोसावा लागला, तर जमलेला आकडा मोठा दिसूनही हाती थोडेच उरते.

लिलावाचे स्वरूप

भोजनापूर्वी बहुधा मूक लिलाव असतो. वस्तूंजवळ ठेवलेल्या कागदावर, अलीकडे मोबाइल फोनवरही, पाहुणे आधीच्या बोलीपेक्षा चढी रक्कम नोंदवतात. निवडक मौल्यवान वस्तूंचा जाहीर लिलाव जेवणाच्या सुमारास पुकारला जातो. त्यानंतर अनेकदा केवळ देणगीचे आवाहन होते. लिलावकर्ता मोठ्या रकमेपासून सुरुवात करून खाली येतो आणि पाहुणे क्रमांकाची पाटी उंचावून देणगी जाहीर करतात. यात वस्तू काहीच मिळत नाही, त्यामुळे वस्तूचा खर्चही नसतो.

लिलावाची कोणती पद्धत अधिक निधी देते, याचा अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला आहे. प्रत्येक बोलीदाराने, हरला तरी, आपली बोली भरायची ही पद्धत धर्मादाय कार्यासाठी सर्वाधिक लाभदायक ठरावी, असे सिद्धान्त सांगतो. जेफ्री कार्पेंटर, जेसिका होम्स आणि पीटर मॅथ्यूज यांनी व्हरमाँट राज्यातील बालवाड्यांच्या निधिसंकलनात तिची प्रत्यक्ष चाचणी घेतली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, सर्वांत मोठ्या बोलीदाराने आपली बोली भरण्याच्या परिचित पद्धतीतच अधिक रक्कम मिळाली. अपरिचित पद्धतीत अनेकांनी भागच घेतला नव्हता.

करविषयक नियम

अमेरिकी करकायद्यानुसार पाहुण्याने दिलेली सगळी रक्कम देणगी ठरत नाही. समजा, प्रवेशशुल्क २५० डॉलर असून जेवणाचे बाजारमूल्य १०० डॉलर आहे. तर वजावटीस पात्र रक्कम १५० डॉलर इतकीच. लिलावातील वस्तूलाही हाच न्याय लागू होतो. बाजारभावाने किंवा त्याहून स्वस्तात वस्तू मिळाली, तर देणगी शून्य. मोबदला मिळणारी देणगी ७५ डॉलरहून अधिक असल्यास संस्थेने मोबदल्याचे मूल्य लेखी कळवणे बंधनकारक आहे. वस्तू देणाऱ्यांसाठी नियम काहीसे विचित्र वाटावेत असे आहेत. चित्रकाराला स्वतःचे चित्र दिल्यावर फक्त साहित्याच्या खर्चाइतकी वजावट मिळते, आणि सुट्टीतील घर आठवडाभर वापरू देणाऱ्याला काहीच मिळत नाही.

टीका व पर्याय

भुकेल्यांच्या नावाने भरपेट मेजवानी घेण्यातील विसंगतीवर टीका होते. आयोजकांची बाजू अशी की, एरवी देणगी न देणारे लोकही या निमित्ताने येतात. तरीही काही उपक्रमांनी जेवणाचे स्वरूपच बदलले. ऑक्सफॅम अमेरिकेच्या 'हंगर बँक्वेट'मध्ये पाहुण्यांना चिठ्ठी काढून उत्पन्नगटांत वाटले जाते; मोजक्यांना पूर्ण जेवण मिळते, तर सर्वांत मोठा गट जमिनीवर बसून थोडासा भात खातो. मिशिगनमध्ये १९९० च्या सुमारास सुरू झालेल्या 'एम्प्टी बोल्स' उपक्रमात कुंभारकाम करणारे कलावंत आणि विद्यार्थी वाडगे घडवतात. पाहुणे त्यांत साधे सूप आणि सोबत पाव खातात व रिकामा वाडगा घरी नेतात. काही ठिकाणी नामांकित कलावंतांच्या वाडग्यांचा लिलावही होतो.