मशीनची नळी बदलतात, बाळाच्या बाटलीचं काय?

आपली कितीतरी मुलंमुली ऑफिसच्या आणि दवाखान्याच्या कँटीनमध्ये कामाला आहेत. तिथल्या कॉफी मशीनला दूध ओढणारी बारीक नळी असते. ती रोज धुवावी लागते आणि खराब झाली की नवी बसवावी लागते. दुधातली चरबी आणि प्रथिनं नळीला आतून चिकटतात, त्यांचा बुळबुळीत थर बनतो आणि त्यात जंतू वाढतात. नुसत्या पाण्याने हा थर निघत नाही.

बाळाच्या बाटलीत, निपलमध्ये आणि काही बाटल्यांत असलेल्या नळीतही हेच घडतं. मशीनची नळी मालक बदलतो, पण आपल्या घरातलं निपल फाटेपर्यंत चालतं.

कुंभारीच्या विडी घरकुलात घरोघरी जाताना आम्ही बाटली मागून घेतो आणि निपल उलटं करून बघतो. आत पिवळट थर दिसतो. भोक सुईने मोठं केलेलं असतं. आई विड्या द्यायला कारखान्यात गेलेली असते आणि बाळ आजीजवळ असतं. यात आईचा दोष नाही, आजीचाही नाही. पण सोलापूरच्या उन्हात उरलेलं दूध लवकर नासतं आणि बाळाला जुलाब लागतात. तान्ह्या बाळाच्या अंगातलं पाणी झपाट्याने कमी होतं आणि जिवावर बेततं.

माय-बहिणींनो, एवढं करा:

पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध द्या, वरचं पाणीसुद्धा नको. विड्या वळत असाल तर पाजण्याआधी हात साबणाने धुवा, तंबाखू हाताला राहतो.

बाहेर जायचं असेल तर दूध स्वच्छ वाटीत पिळून झाकून ठेवा. आजीने ते चार तासांच्या आत वाटी-चमच्याने पाजावं. वाटीला कोपरा नाही, नळी नाही. ती घासली की साफ होते.

बाटली वापरावीच लागली तर प्रत्येक वेळी ब्रशने आतून घासा आणि पाण्यात बुडवून दहा मिनिटं उकळा. चिकट किंवा चिरलेलं निपल फेकून द्या. उरलेलं दूध पुन्हा पाजू नका.

जुलाब लागले तर दूध बंद करू नका. आशाताईकडून ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या घ्या. बाळ सुस्त झालं, डोळे खोल गेले किंवा लघवी कमी झाली, तर लगेच दवाखाना गाठा.

बाटलीची जाहिरात करायला आपल्या देशात 1992 च्या कायद्याने बंदी आहे. दुकानदार किंवा दवाखाना बाटली गळ्यात मारत असेल तर ठामपणे नाही म्हणा.

1928 साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभ विधेयकाची बाजू घेतली. बाळंतिणीला विश्रांती मिळणं हा तिचा हक्क आहे, उपकार नाही. म्हणून विडी कामगार बहिणींनो, आपलं ओळखपत्र काढून घ्या आणि प्रसूतीचे लाभ मागा. आई घरी राहू शकली, तर बाटलीची गरजच कमी पडेल.

जय भीम!