स्वभाव, स्टेशन आणि बीपी

पन्नाशी जवळ आली की घाटकोपरात घरोघरी एक जाडजूड फाइल तयार होते. शुगर, कोलेस्ट्रॉल, थायरॉइड, बीपी. मुंबईत २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने एक पाहणी झाली. त्यात १८ ते ६९ वयोगटातल्या साधारण ३४ टक्के मुंबईकरांचा रक्तदाब वाढलेला निघाला. सगळा दोष खाऊ गल्लीतल्या बटरवर ढकलून आपण मोकळे होतो. पण तुम्ही किती चिडता, ऑफिसात तुमचं किती चालतं, अडीअडचणीला कोण धावून येतं, हे कुठली लॅब तपासते? जगभरच्या संशोधकांनी मात्र ते तपासलंय, आणि निकाल भलतेच मजेदार आहेत.

खुर्चीने आधी ओळखलं

१९५० च्या दशकातली गोष्ट. सॅन फ्रान्सिस्कोत मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन या हृदयरोगतज्ज्ञांनी वेटिंग रूममधल्या खुर्च्या दुरुस्तीला काढल्या. कारागीर चक्रावला. खुर्च्या झिजल्या होत्या त्या फक्त पुढच्या कडेला आणि हातांच्या टोकांना! हृदयरोगाचे पेशंट टेकून बसतच नव्हते. नंबर कधी लागतो म्हणून टोकावर बसून चुळबुळत होते. डॉक्टरांना याचा अर्थ लागायला काही वर्षं गेली. १९५९ मध्ये त्यांनी 'टाइप ए' स्वभाव मांडला: सतत घाई, सतत चढाओढ, सतत चिडचिड.

पुढे या सिद्धांताची हवा बरीच उतरली. घाईचा आणि हृदयविकाराचा संबंध नंतरच्या अभ्यासांत डळमळीत ठरला. शिवाय टाइप एच्या संशोधनात सिगारेट कंपन्यांनी बराच पैसा ओतल्याचंही उघड झालं. दोष स्वभावावर गेला की सिगारेट सुटली! तरीही एक गोष्ट चाळणीत टिकली, ती म्हणजे मनात धरलेली खुन्नस. तेव्हा ८:३२ ची फास्ट पकडायला खुशाल धावा. ज्याने धक्का दिला त्याला दादरपर्यंत मनातल्या मनात शिव्या घालू नका.

हसरा की टापटिपीचा?

स्टॅनफर्डच्या लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातली सुमारे १,५०० हुशार मुलं निवडली. त्यांच्यावर पुढे आयुष्यभर नजर ठेवली गेली. टर्मन गेले, पण अभ्यास चालूच राहिला. कोण जास्त जगलं? हसरी, विनोदी, बिनधास्त मुलं नव्हे. ती उलट थोडी लवकरच गेली. बाजी मारली ती नेटक्या, जबाबदार, दिलेला शब्द पाळणाऱ्या मुलांनी.

कारण साधं आहे. 'मला काय होतंय' म्हणणारा माणूस जोखीम जास्त घेतो. नेटका माणूस गोळी वेळेवर घेतो, सिग्नल तोडत नाही, पाठपुराव्याची तारीख चुकवत नाही. थोडक्यात, महिन्याचा हिशेब डायरीत लिहिणाऱ्या नवऱ्याला हसू नका, वहिनी. तो टिकाऊ माल आहे.

मधलं स्टेशन, पहिलं स्टेशन

हा प्रयोग स्वीडनमधला असला तरी वाटतो अगदी सेंट्रल लाइनवरचा. १९७० च्या दशकात मरियाना फ्रँकेनहॉयझर यांच्या गटाने स्टॉकहोमला जाणाऱ्या लोकलच्या प्रवाशांचं अॅड्रेनालिन मोजलं. काही जण पहिल्या स्टेशनवर चढणारे, काही मधल्या. मधल्यांचा प्रवास बराच छोटा, म्हणजे ताण कमी असायला हवा. झालं उलटंच! लांबून येणारे निवांत होते, कारण त्यांना हवी ती जागा निवडता येत होती. मधल्यांना उरेल ती जागा घ्यावी लागत होती.

आता घाटकोपर बघा. मध्य रेल्वेसाठी ते मधलं स्टेशन: कल्याण-डोंबिवलीहून खचाखच भरून आलेल्या गाडीत अंग घुसवायचं. आणि त्याच स्टेशनचा जिना चढून वर गेलं की ८ जून २०१४ पासून धावणाऱ्या मेट्रो १ चं ते पहिलं स्टेशन. डबा रिकामा येतो, चपळाई असली तर बसायलाही मिळतं. एकाच ठिकाणी अख्खा स्वीडिश प्रयोग, तोही रोज! आपल्या हातात थोडं तरी काही आहे असं वाटलं की शरीर शांत होतं, हा त्यातला धडा.

साहेबांना टेन्शन, शिपायाला अटॅक

'साहेब लोकांना फार टेन्शन असतं हो!' असं आपण म्हणतो. लंडनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा 'व्हाइटहॉल' अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला, त्याने हा समज पार उलटवला. सर्वांत खालच्या श्रेणीतल्या पुरुषांमध्ये हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या तिपटीहून जास्त निघालं. यातलं कुणीच बेकार नव्हतं, उपचारही सगळ्यांना मोफत. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्ट्रॉल यांचा हिशेब मांडला तरी फरक पूर्ण मिटेना.

१९८५ मध्ये दुसरा टप्पा सुरू झाला. त्यात बायकांनाही घेतलं. मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांना एक धागा सापडला: स्वतःच्या कामावर स्वतःचा ताबा किती? काम भरपूर आणि 'विचारून सांगतो' म्हणण्यापलीकडे अधिकार शून्य, हे मिश्रण हृदयाला झेपत नाही. मुंबईतली कुठलीही कचेरी डोळ्यांसमोर आणा, पटेल.

जखमेलाही थकवा येतो

घरात अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई किंवा विसरभोळेपणा वाढलेले वडील असले की त्यांची सेवा बहुधा पन्नाशीतल्या सुनेच्या नाहीतर मुलीच्या वाट्याला येते. अमेरिकेतल्या ओहायोत जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांनी १९९५ मध्ये अशाच बायकांच्या हातावर, त्यांच्या संमतीने, छोटीशी जखम केली. स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगाची शुश्रूषा करणाऱ्या १३ जणी आणि तसं ओझं नसलेल्या १३ जणी. शुश्रूषा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी ९ दिवस जास्त लागले! ताण डोक्यात राहत नाही, कातडीपर्यंत उतरतो. म्हणून नणंदबाई, भावोजी, आठवड्यातून एक संध्याकाळ तुम्ही बसा आईपाशी. वहिनीला जरा फिरून येऊ द्या.

ट्रेनचा ग्रुप आणि नाकातला व्हायरस

शेल्डन कोहेन यांनी २७६ धडधाकट स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले आणि सगळ्यांना वेगळं ठेवलं. त्याआधी एक प्रश्न विचारला होता: तुमची नाती किती प्रकारची? जोडीदार, आईवडील, शेजारी, सहकारी, मित्र, मंडळातले लोक अशी. १९९७ मध्ये निष्कर्ष छापून आला. फक्त एक ते तीन प्रकारची नाती असलेल्यांना सर्दी होण्याचा धोका सहा किंवा जास्त प्रकारची नाती असलेल्यांच्या चौपटीहून जास्त होता.

गंमत अशी की नुसती माणसांची संख्या कामाची नाही, नात्यांचं वैविध्य हवं. डब्यातलं भजनी मंडळ, दसऱ्याला डबा सजवणारा ग्रुप, सोसायटीची कमिटी, पलीकडच्या बिल्डिंगमधल्या गुजराती काकी: सगळे धरले तर घाटकोपरकर तसा श्रीमंतच. पण रिटायरमेंटच्या दिवशी पासाबरोबर ग्रुपही संपतो. धोका तिथेच आहे.

हसण्याचा शोध मेट्रोच्या पलीकडे

१३ मार्च १९९५. अंधेरीच्या लोखंडवालातली बाग. डॉ. मदन कटारिया यांनी पाच जणांना जमवून हसायला सुरुवात केली. आधी विनोद सांगायचे, पण लवकरच चांगल्या विनोदांचा साठा आटला. मग विनोदाशिवायच हसायचं ठरलं! पत्नी माधुरी योग शिकवत, म्हणून त्यात श्वासाचे व्यायाम आले. त्या पाच जणांची चळवळ पुढे कितीतरी देशांत पोचली, आणि मे महिन्याचा पहिला रविवार जागतिक हास्यदिन झाला. खोटं हसून आयुष्य किती वाढतं ते सोडा. सकाळी सहाला कुणीतरी आपली वाट बघतंय, हा फायदा तर रोकडा आहे.

देवनारात मोजली देशाची पकड

घाटकोपरपासून जवळच, देवनारला, १९५६ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. देशाच्या म्हातारपणाची सर्वांत मोठी नोंदवही इथेच तयार झाली. २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरची माणसं आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२,००० हून जास्त जणांची पाहणी झाली. हाताची पकड, चालण्याचा वेग, फुप्फुसांची ताकद तर मोजलीच. शिवाय घरात कोण आहे, पैसे कोण देतं, मन उदास असतं का, हेही विचारलं. साठीपुढच्या ७५ टक्के लोकांना एखादा तरी दीर्घकाळचा आजार, आणि २० टक्के लोकांना मानसिक आरोग्याच्या तक्रारी असल्याचं त्यातून दिसलं. म्हणजे पाचातला एक. घाटकोपरच्या अत्रे मैदानावर चकरा मारणाऱ्या आजोबांत तो कोणता, हे चेहऱ्यावरून कळत नाही.

'आता काय राहिलंय' म्हणू नका

ओहायोतल्याच एका गावात पन्नाशीपुढच्या ६६० जणांना म्हातारपणाबद्दल काय वाटतं ते विचारून ठेवलं होतं. येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही यांनी २००२ मध्ये हिशेब मांडला. म्हातारपणाकडे चांगल्या नजरेने बघणारे सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले होते. नजर बदलली की आयुष्य हमखास वाढतं, असं यातून सिद्ध होत नाही. पण चाळिशीतच 'आमचं काय, संपलं आता' हे पालुपद लावायला कुणी सांगितलंय?

स्वभावाला औषध आहे

'स्वभावाला औषध नाही' ही म्हण आपण फार मनावर घेतली. २००६ मध्ये ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी स्वभावाचा वर्षानुवर्षं मागोवा घेणारे ९२ अभ्यास एकत्र तपासले. वयाबरोबर माणसं सरासरीने अधिक जबाबदार आणि मनाने अधिक स्थिर होतात, आणि हा बदल तरुणपणी थांबत नाही, मध्यमवयातही चालू राहतो. म्हणजे पन्नाशीतही उशीर झालेला नाही.

तेव्हा बीपीची गोळी डॉक्टर सांगतील तशी घ्याच. तिच्या जोडीला खुन्नस सोडा, हिशेबाची डायरी धरा, घरातल्या सेवेची पाळी वाटून घ्या. आणि रिटायर होण्याआधीच दोन नवे ग्रुप गाठा, एक बागेतला आणि एक बिल्डिंगमधला. चहाचे पैसे तेवढे लागतील.