दारावरचा पडदा : जपानमधील शेजारचे भोजनगृह

जपानी जेवण म्हटले की आपल्याकडील पुष्कळांच्या डोळ्यांपुढे कच्च्या मासळीचे नाजूक तुकडे आणि त्यांसाठी मोजावे लागणारे भारी दाम उभे राहतात. मोठ्या शहरांतील श्रीमंती हॉटेलांनी हा समज पक्का केला आहे. परंतु जपानचा सामान्य माणूस नित्य जेथे जेवतो, ती जागा अशी नसते. ती गल्लीच्या तोंडाशी, आगगाडीच्या स्थानकापासून थोड्याच पावलांवर, दोन दुकानांच्या मध्ये अंग चोरून बसलेली असते. दहाबारा माणसे आली की भरून जाते. आत पुष्कळदा एक वयस्क जोडपे राबत असते. नवरा चुलीपुढे आणि बायको गिऱ्हाइकांपुढे. अशा जागेस जपानी भाषेत ‘शोकुदो’ म्हणतात, म्हणजे भोजनशाळा. आपल्या खानावळीची ही सख्खी नसली तरी चुलत बहीण खास. या साध्या भोजनगृहाविषयी आज आम्ही लिहिणार आहोत. कारण त्यात केवळ जिभेचा प्रश्न नाही, एकट्या माणसास समाजाने कसे वागवावे, हाही प्रश्न आहे.

दाराशी

शोकुदोच्या दारावर मध्ये चिरा दिलेला एक आखूड कापडी पडदा टांगलेला असतो. त्यास ‘नोरेन’ म्हणतात. पडदा बाहेर टांगला म्हणजे दुकान उघडे. तो काढून आत नेला म्हणजे चूल विझली. पाटी वाचण्याची गरजच नाही. या हातभर कापडास जपानी मनात केवढे स्थान आहे पाहा : धंद्याच्या नावलौकिकाची जी किंमत हिशेबाच्या वहीत मांडतात, तिलाही ‘नोरेन’ असेच नाव आहे. वर्षानुवर्षे प्रामाणिकपणे राबलेल्या उमेदवारास मालक आपल्या दुकानाचे नाव लावून स्वतंत्र दुकान काढण्याची परवानगी देतो, तेव्हा त्यास ‘नोरेन वाटून देणे’ म्हणतात. शेतजमीन वाटावी तसा येथे लौकिक वाटला जातो.

कित्येक दुकानांच्या दर्शनी काचेआड पदार्थांचे हुबेहूब नमुने मांडलेले असतात. तांदळाचा दाणा न् दाणा वेगळा दिसतो. पण ते सारे खोटे, पूर्वी मेणाचे आणि आता प्लॅस्टिकचे. इवासाकी ताकिझो या गृहस्थांनी १९३२ साली ओसाका येथे हा धंदा सुरू केला आणि तो देशभर पसरला. जपानी अक्षर न वाचता येणाऱ्या पाहुण्यास हे नमुने मोठे वरदानच आहेत. बोट दाखवावे, म्हणजे भागले.

पडदा सारून आत पाऊल टाकताच ‘इराश्शाइमासे’ अशी हाक कानी पडते. ‘यावे, यावे’ असा तिचा भाव. मग हात पुसण्यास ओला रुमाल येतो. थंडीत ऊन, उन्हाळ्यात गार. पाठोपाठ पाणी किंवा चहा येतो आणि त्याचे दाम पडत नाहीत. बक्षिशी देण्याची तर चालच नाही. मेजावर चिल्लर ठेवून निघालात, तर आपण पैसे विसरलात असे समजून बाई ते परत देण्यासाठी रस्त्यापर्यंत धावत येण्याचा संभव अधिक.

ताट

येथील नेहमीचे जेवण म्हणजे ‘तेइशोकु’, अर्थात ठरलेले ताट. ते एका तबकात एकदमच येते. डाव्या हातास भाताची वाटी, उजव्या हातास मिसोचे सार, पलीकडे मुख्य पदार्थ, शेजारी एखादी लहानशी भाजी आणि थोडे लोणचे. मुख्य पदार्थ कधी मीठ लावून भाजलेला बांगडा असतो, कधी आल्यात परतलेले डुकराचे मांस, तर कधी तळलेली कोंबडी. दुपारच्या अशा ताटास हजार येनांच्या आतबाहेर पडतात. तेथील मजुरीच्या मानाने ही किंमत माफकच म्हणावी लागेल.

या जेवणात मसाला जवळजवळ नसतोच. चव येते ती ‘दाशी’ नावाच्या पातळ अर्कातून. समुद्रातील एका जाड शेवाळाच्या वाळलेल्या पट्ट्या आणि धुरी देऊन लाकडासारख्या टणक केलेल्या माशाची किसलेली पाने गरम पाण्यात काही वेळ ठेवून हा अर्क काढतात. त्या शेवाळात असे आहे तरी काय, याचा शोध तोक्योच्या विद्यापीठातील इकेदा किकुनाए या रसायनशास्त्रज्ञांनी १९०८ साली लावला आणि गोड, आंबट, खारट, कडू यांहून निराळ्या अशा त्या चवीस ‘उमामी’ हे नाव दिले. सारातील मिसो हा सोयाबीन, मीठ आणि बुरशीने आंबवलेले धान्य यांचा महिनोन्‌महिने मुरवलेला गोळा. शाकाहारी वाचकांनी एवढे ध्यानी ठेवावे की सारात मासळीचा तुकडा दिसला नाही, तरी तिचा अर्क बहुधा असतोच.

खाण्याचे नियमही थोडे निराळे आहेत. वाटी हातात उचलून तोंडाजवळ न्यावी. हे तेथे असभ्य नव्हे, उलट मेजावर ओणवे होणे असभ्य. शेवया सुर्रकन आवाज करीत ओढल्या तरी कोणी वळून पाहणार नाही. परंतु भातात काड्या उभ्या खोवू नयेत. मृतापुढे ठेवावयाच्या भातात त्या तशा खोवतात. एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घासही देऊ नये. दहनानंतर अस्थी उचलण्याची ती रीत आहे.

जेवणापूर्वी जपानी माणूस हात जोडून ‘इतादाकिमासु’ म्हणतो; म्हणजे ‘मी हे नम्रपणे स्वीकारतो’. जेवण झाल्यावर म्हणतो ‘गोचिसोसामा’. या दुसऱ्या शब्दाच्या पोटात धावाधाव करणे असा अर्थ दडलेला आहे : माझ्या या घासासाठी कोणीतरी पायपीट केली, तिची ही पोचपावती. पैसे चुकते केल्यावरही हा शब्द उच्चारल्यावाचून गिऱ्हाईक दार ओलांडत नाही. भोजनापूर्वी व भोजनोत्तर प्रार्थना म्हणणाऱ्या आपल्या कुटुंबांना ही रीत परकी वाटू नये.

गोव्याहून गेलेली वाट

शोकुदोच्या भिंतीवर पदार्थांच्या नावांच्या पट्ट्या लावलेल्या असतात. त्या वाचू लागले की ‘अस्सल जपानी’ या शब्दाचा अर्थ हळूहळू विरघळू लागतो. तेम्पुरा घ्या. कोळंबी, मासा किंवा भाजी पातळ पिठात बुडवून तळावयाची, हा प्रकार पोर्तुगीजांच्या संगतीने रुजला. त्याचे नाव चर्चच्या उपवासदिनांच्या ‘तेम्पोरा’ या लॅटिन नावावरून पडले, असे एक मत आहे. त्या दिवशी मांस वर्ज्य असल्याने मासळी तळली जाई. शिजविणे वा मसाला लावणे या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दाकडे दुसरे पंडित बोट दाखवितात. कसेही असो, शब्द समुद्रावरून आला हे खरे. पावाला जपानी भाषेत ‘पान’ म्हणतात. ज्या पोर्तुगीज शब्दापासून आपला ‘पाव’ झाला, त्याच्याच पोटचे हे दुसरे लेकरू.

पोर्तुगीज व्यापारी १५४३ साली जपानच्या दक्षिणेकडील एका बेटावर प्रथम उतरले. पुढे अंजिरो नावाच्या एका जपानी गृहस्थाचा १५४८ साली गोव्यात बाप्तिस्मा झाला आणि त्यालाच बरोबर घेऊन संत फ्रान्सिस झेवियर १५४९ च्या एप्रिलमध्ये गोव्याहून निघाले. १५ ऑगस्ट रोजी ते कागोशिमा बंदरात उतरले. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बासिलिकेत ज्यांच्या पवित्र अवशेषांपुढे आपण गुडघे टेकतो, त्यांनी आयुष्याची दोनहून अधिक वर्षे त्या देशात काढली. व्यापाऱ्यांची गलबतेही याच मार्गाने ये-जा करीत.

दुसरी पट्टी ‘तोन्कात्सु’ची. शतकानुशतके जपानात चतुष्पादांचे मांस निषिद्ध मानले जाई. १८७२ साली सम्राट मेइजी यांनी गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले आणि तो निर्बंध ढिला पडला. १८९९ साली तोक्योच्या गिंझा भागातील रेंगातेई या भोजनगृहाने डुकराच्या मांसाचे कटलेट तळून वाढण्यास आरंभ केला. आज ते चिरलेल्या कोबीसह जवळजवळ प्रत्येक शोकुदोत मिळते.

तिसरी पट्टी ‘कारे राइसु’ची, म्हणजे आमटी-भाताची. ही इंग्रजांच्या मार्गाने गेली. म्हणून ती पिठाने दाट केलेली आणि चवीस गुळमट. मात्र हिंदी पद्धतीच्या करीची एक शाखा थेट आपल्या देशातून तेथे पोचली. क्रांतिकारक रासबिहारी बोस १९१५ साली जपानात गेले, तेव्हा इंग्रज सरकारच्या दडपणामुळे त्यांना लपून राहावे लागले. शिंजुकूतील ‘नाकामुराया’ या पावाच्या दुकानाचे मालक सोमा दांपत्य यांनी त्यांना आसरा दिला. १९१८ साली या दांपत्याची कन्या तोशिको हिच्याशी त्यांचा विवाह झाला. १९२५ साली ती निवर्तली. १९२७ साली दुकानाने भोजनकक्ष उघडला, तेव्हा जावयाने सांगितलेली करी तेथे वाढण्यास सुरुवात झाली आणि अद्यापही ती तेथे मिळते. परक्यास दिलेला आसरा असा एका राष्ट्राच्या ताटात कायमचा उतरला.

एकट्याची जागा

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. शोकुदोत चुलीसमोर एक लांब फळी असते आणि तिच्यापुढे एकेकट्याच्या बैठकी. एकट्याने आलेल्या माणसास ‘किती जण?’ असे विचारताना कोणाच्या भिवया उंचावत नाहीत. जपानच्या २०२० च्या खानेसुमारीत शंभरांपैकी अडतीस घरे एकाच माणसाची निघाली. कामावरून उशिरा परतणारा तरुण, विधवा, विधुर, दूरगावी बदली झालेला बाप, या सर्वांना त्या फळीपुढे जागा असते. नित्याच्या गिऱ्हाइकास भात कमी लागतो की जास्त, हे बाईस ठाऊक असते. चार दिवस कोणी म्हातारा दिसला नाही, तर चौकशी होते. सरकारी कचेरीच्या वहीत न सापडणारी ही सेवा आहे आणि तिची किंमत ताटाच्या दामात लावलेली नसते.

स्वस्त आणि सन्मानाचे जेवण ही चैन नव्हे, हे जपानने एका मोठ्या दणक्यानंतर जाणले. १९१८ साली तांदूळ भयंकर महागला, तेव्हा तोयामाच्या किनाऱ्यावरील कोळणींनी प्रथम निषेध केला आणि पाहता पाहता देशभर दंगे उसळले. मंत्रिमंडळास पायउतार व्हावे लागले. त्यानंतरच्या वर्षांत मोठ्या शहरांच्या नगरपालिकांनी श्रमिकांसाठी स्वतःची भोजनगृहे उघडली.

पडदा उतरतो तेव्हा

आज ही लहान दुकाने एकामागून एक बंद होत आहेत. मालक सत्तरी ओलांडतात. मुले दुसऱ्या नोकरीधंद्यात स्थिरावलेली असतात. त्यांना दोष देणे सोपे, परंतु न्याय्य नव्हे. पहाटे बाजारहाट, दिवसभर चुलीची धग, रात्री भांडी आणि सुटी आठवड्याची एक. हे आयुष्य लेकराने पत्करावे, असे किती आईबापांना मनापासून वाटेल? त्यात महागाईची भर. २०२५ च्या वसंतात पाच किलो तांदळास सरासरी ४,२०० येनांहून अधिक पडू लागले. वर्षापूर्वीच्या जवळजवळ दुप्पट. ताटाची किंमत वाढवावी तर जुना म्हातारा गिऱ्हाईक येईनासा होतो. न वाढवावी तर मालकच उपाशी. मोठ्या कंपन्यांची साखळी-दुकाने स्वस्त व स्वच्छ जेवण देतात, हे नाकारता येत नाही. पण तेथे यंत्रातून चिठ्ठी काढावयाची, मुकाट्याने जेवावयाचे आणि निघावयाचे. कोण आले नाही, याची नोंद यंत्र ठेवीत नाही.

२०१३ साली युनेस्कोने जपानी भोजनपरंपरेस मानवजातीच्या वारशात स्थान दिले. सन्मान योग्यच, पण मानपत्राने चूल पेटत नाही. आम्हांस अधिक आशा वाटते ती दुसऱ्याच एका गोष्टीची. तोक्योतील एका भाजीविक्रेत्या बाईने २०१२ साली आपल्या दुकानात ‘कोदोमो शोकुदो’, म्हणजे मुलांचे भोजनगृह, सुरू केले. आईवडील कामावर असल्याने किंवा गरिबीमुळे एकट्याने काहीतरी खाऊन निजणाऱ्या मुलांना तेथे अल्प दामात वा फुकट ऊन जेवण आणि सोबत मिळू लागली. आज अशी ठिकाणे जपानभर दहा हजारांच्या वर आहेत. कित्येक ठिकाणी मुलांच्या पंगतीला शेजारचे वृद्धही बसतात. जुन्या शोकुदोने जे नकळत केले, ते आता शेजारी जाणूनबुजून करीत आहेत.

हा प्रश्न केवळ जपानचा नाही. आपली मुलेही कामासाठी दूर गेली आहेत. आपल्या गावांतही एका ताटापुरती चूल पेटविणारी घरे वाढत आहेत. आपल्या वाड्यावर कोण एकट्याने जेवतो, हे आपणांस ठाऊक आहे काय? रविवारच्या दुपारी त्याच्यासाठी एक पाट अधिक मांडणे फार खर्चाचे नाही. जपानला जाण्याचा योग आला, तर वाचकांनी झगमगीत हॉटेल सोडून गल्लीतील पडदा अवश्य सारावा. ताट रिकामे करावे, निघताना ‘गोचिसोसामा’ म्हणावे. चुलीपुढच्या त्या म्हाताऱ्यास परक्या तोंडून तो शब्द ऐकून आनंदच होईल.